एकतीस नंबरचा खिळा

"बाई, तुमच्या गाडीनं माणूस उडवला."

इंटरकॉमवर प्राचार्य होते. गणिताच्या बाईंनी लाल पेनचं टोपण लावलं आणि डोळे मिटले. त्यांच्याकडे गाडी नव्हती. आयुष्यात त्यांनी सायकलसुद्धा धड चालवली नव्हती. पण तीन वर्षांपूर्वी एका सभेला त्या गैरहजर राहिल्या, आणि गैरहजर माणसाच्या गळ्यात जे पडतं ते त्यांच्याही पडलं. त्या वाहन-शिस्त समितीच्या अध्यक्ष झाल्या. तेव्हापासून आवारातली झाडून सगळी दुचाकी वाहनं 'तुमची' झाली होती.

"कोणाला उडवलं?"

"आपल्या माळ्याला. लायब्ररीच्या मागच्या रस्त्यावर. डोक्याला लागलंय, बेशुद्ध आहे, हॉस्पिटलात नेलाय. मी आत्ताच मीटिंगहून येतोय, गाडीतून उतरतो न उतरतो तोच हे. गाडी सापडली आहे आणि गाडीवालीही सापडली आहे. तुम्ही फक्त चार वाजेपर्यंत अहवाल द्या."

"गाडीवाली म्हणजे?"

"पायलट," प्राचार्य म्हणाले आणि फोन ठेवला.

साडेअकरा वाजले होते. टेबलावर न तपासलेले एकोणचाळीस पेपर होते. बाईंनी गुडघ्यांना हात दिला आणि उठल्या.

कॉलेजचा नियम साधा होता. फाटकातून आत आलं की इंजिन बंद. गाडी ढकलत फाटकाजवळच्या शेडमध्ये न्यायची, किल्ली वॉचमनच्या केबिनमधल्या फळीवर लटकवायची, त्या खिळ्याच्या नंबरचा बिल्ला खिशात टाकायचा. जाताना बिल्ला द्या, किल्ली घ्या. विद्यार्थी असो की प्राध्यापक, सगळ्यांना हेच. आवारात फिरायची मुभा एकट्या प्राचार्यांच्या मोटारीला. नियम मोडला तर पहिल्या दोन वेळा ताकीद, तिसऱ्यांदा प्रवेश रद्द. हे सगळं डोकं परीक्षा अधीक्षकांचं. ते प्रत्येक गोष्ट मिनिटांत मोजत, म्हणून स्टाफरूममध्ये त्यांना मिनिटेसाहेब म्हणत. नियम त्यांनी केला आणि राबवायला बाईंना दिला.

आणि पायलटला दोन ताकिदी आधीच मिळाल्या होत्या.

पायलट हे कॉलेजनं ठेवलेलं नाव, ही तिसऱ्या वर्षाची मुलगी. वडिलांची जुनी, जड मोटरसायकल घेऊन रोज लांबच्या वस्तीवरून यायची. दोन्ही वेळा उशीर झाला म्हणून ती थेट लॅबच्या दारापर्यंत गाडी दामटत गेली होती. उद्या सकाळी नऊला तिची शेवटची प्रात्यक्षिक परीक्षा होती. आज प्रवेश रद्द झाला तर उद्याची परीक्षा नाही, आणि परीक्षा नाही तर तीन वर्षं पाण्यात.

बाई आधी केबिनवर गेल्या. वॉचमन उभाच होता, जणू कोणी रागवायला येणार हे त्याला ठाऊक होतं.

"एकतीस नंबर," तो म्हणाला. "सकाळी साडेआठला तिनं किल्ली लावली. मी स्वतः बघितलं. अकराच्या सुमाराला बघतो तर खिळा रिकामा."

"मधे तू कुठं होतास?"

"इथंच."

"सारखा इथंच?"

वॉचमननं मान खाजवली. "एक टेंपो आला होता बाकडी घेऊन. आत सोडा म्हणत होता. आडव्या दांड्यापाशी त्याच्याशी दहा मिनिटं हुज्जत घालत होतो. पावणेअकरा, अकरा... तेवढ्या वेळात. टेंपो चालूच होता, मागचं काही ऐकू आलं नाही."

"आणि कॅमेरा?"

"चार महिने बंद आहे. मी अर्ज दिलाय, बाई."

बाईंना तो अर्ज आठवला. तो त्यांनीच पुढे पाठवला होता.

शेडमध्ये एकतीस नंबरची जागा रिकामी होती. जमिनीवर परातीएवढा काळा डाग होता आणि पेट्रोलचा वास येत होता.

"तिचीच गाडी गळते," वॉचमन म्हणाला. "शंभरदा सांगितलं पोरीला, टाकीखालचा कॉक बंद करत जा. ऐकेल तर शपथ."

तिथून लायब्ररी पाच मिनिटांवर आणि लायब्ररीच्या मागून जाणारा रस्ता पार नव्या इमारतीपर्यंत. बाई चालत राहिल्या. वाटेत पाण्याची नळी तशीच वाहत पडली होती. पिवळ्या इंडिकेटरचे तुकडे, मातीत एक चपटी झालेली चप्पल आणि थोडं रक्त. बाईंनी नळ बंद केला. माळीकाका रोज त्यांना 'आज उशीर?' असं विचारायचे.

नव्या इमारतीपर्यंत पोचायला फाटकापासून त्यांना बावीस मिनिटं लागली. धडधाकट माणसाला चौदा लागत, हे सगळ्या कॉलेजला पाठ होतं, कारण तास चुकवल्याचं कारण म्हणून सगळे तेच सांगायचे.

आज त्या इमारतीत अकरापासून पहिल्या वर्षाची परीक्षा चालू होती. सगळे आत हॉलमध्ये होते. मागच्या बाजूला, भिंतीच्या सावलीत मोटरसायकल उभी होती. डबल स्टँडवर, अगदी सरळ. पुढचा इंडिकेटर फुटलेला, किल्ली गाडीलाच. बाईंनी पदर सावरून खाली वाकून पाहिलं. फरशी कोरडी होती. टाकीखालचा कॉक आडवा होता, म्हणजे बंद.

बाई बराच वेळ तशाच वाकून राहिल्या. पाहणाऱ्याला वाटलं असतं, कंबर धरली.

*

बाई परत फाटकाजवळच्या मुख्य इमारतीत आल्या. दवाखान्याची खोली तळमजल्यावरच होती. सिस्टर पट्ट्या गुंडाळत होती.

"तुम्हाला कोणी कळवलं?"

"फोन आला. आतल्या लाइनवर, नव्या इमारतीचा दिवा लागला होता. पुरुषाचा आवाज होता, अगदी हळू बोलत होता. म्हणाला, लायब्ररीच्या मागे माणूस पडलाय, ताबडतोब स्ट्रेचर पाठवा. अकरा दोन झालेत, नोंद करून ठेवा."

"नाव नाही सांगितलं?"

"विचारेपर्यंत ठेवला. मला वाटलं, कोणीतरी शिपाई असेल. आम्ही पोचलो तर काका बेशुद्ध. आधी उठून बसले असावेत, भिंतीला टेकून होते."

पायलटला वरच्या मजल्यावर एका रिकाम्या वर्गात बसवलं होतं. बाई आत गेल्या तेव्हा ती उठून उभी राहिली. बारकीशी मुलगी. अंगावर प्रयोगशाळेचा पांढरा कोट, त्यावर खिशापाशी शाई.

"बस. गाडीपाशी काय करत होतीस?"

"शोधत होते."

"म्हणजे?"

"लायब्ररीत वरच्या मजल्यावर वाचत बसले होते. आवाज आला. आमच्या गाडीचा आवाज मी झोपेतसुद्धा ओळखते, बाई. काउंटरवरून दप्तर सोडवून खाली येईपर्यंत गाडी गेलेली. मी पुढच्या रस्त्यानं पळत इकडे आले. गाडी दिसली. म्हटलं, नेणारा येईल परत, त्यालाच विचारू. तर वॉचमनकाका आले आणि म्हणाले, पकडली."

"मागच्या रस्त्यानं नाही आलीस?"

"नाही. काका पडलेत हे मला माहीतच नव्हतं." तिचा आवाज फाटला. "मला कळलं असतं तर मी गाडीमागे पळाले असते का?"

"बिल्ला?"

तिनं मूठ उघडली. एकतीस नंबर. घामानं ओला झालेला.

"खिडकीतून कोणाला पाहिलंस?"

मुलगी खाली बघत राहिली. "नाही."

"नक्की?"

"मी काय सांगून काय होणार आहे, बाई? दोन वेळा माझं चुकलंय. आता सगळे तेच धरून बसणार."

हे खरं होतं, म्हणून बाईंनी दुसरंच विचारलं. "तू गाडी कुठल्या स्टँडवर लावतेस?"

"साइड स्टँडवर. डबलवर चढवायला मला जमत नाही. बाबांनाच जमतं."

"आणि पेट्रोलचा कॉक?"

"तो गंजलाय. पक्कड लावल्याशिवाय माझ्या बोटांनी फिरत नाही. म्हणून तर गळते." तिनं मान वर केली. "का हो?"

"काही नाही. डबा आणलायस ना? खाऊन घे."

*

एक वाजता परीक्षा संपली. मिनिटेसाहेब परीक्षेच्या ऑफिसात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधत होते. सुतळीच्या गाठी एकसारख्या. खोलीत एकच टेबल, त्यावर एक फोन आणि भिंतीवर घड्याळ.

"बसा, बाई. माळी कसा आहे?"

"शुद्धीवर नाही आला अजून."

"हं." त्यांनी आणखी एक गाठ मारली. "डॉक्टर काय म्हणतात?"

"संध्याकाळपर्यंत वाट बघा म्हणतात. तुम्ही सकाळी इथंच होतात ना? मागे गाडी आल्याचा आवाज ऐकलात?"

"मी साडेदहापासून इथंच आहे. पण परीक्षा सुरू व्हायच्या गडबडीत कुठला आवाज ऐकू येतोय. चारशे मुलं होती."

"मुलीचं काय करायचं?"

गठ्ठ्यावरची धूळ त्यांनी हातानं पुसली. "तिसरी वेळ आहे. रजिस्टरला नोंद आहे. नियमाप्रमाणे व्हायचं ते होईल."

"नियम तुमचा."

"म्हणूनच मला अपवाद करता येत नाही."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. चौतीस वर्षं नोकरी केलेला सरळ माणूस. कधी कोणाचा मार्क वाढवला नाही, कधी कोणाच्या चहाला मिंधा झाला नाही. शेडचा नियम झाला त्या आठवड्यात स्वतःची गाडी विकून तो बसनं यायला लागला होता.

"तुमची जुनी गाडी कुठली होती हो?" बाईंनी सहज विचारलं.

"होती एक," ते म्हणाले. "तीन वर्षं झाली त्याला."

बाई परत निघाल्या. पुन्हा तो एक किलोमीटर. स्टाफरूममध्ये पेपर तसेच पडले होते. तपासून झालेले दोन गठ्ठे स्ट्राँगरूममध्ये जमा करायचे होते, ते काम काही कोणाच्या डोक्याला लागलं म्हणून थांबणारं नव्हतं. त्यांनी गठ्ठे उचलले, खाली मुख्य ऑफिसात नेले आणि रजिस्टरमध्ये सही करायला पान उघडलं.

त्यांच्या ओळीच्या वर आजच्या तीन ओळी होत्या. सुरेख, सरळ अक्षर.

'१०.१८. प्रश्नपत्रिकांचं पाकीट बाहेर. उद्याचं सत्र.'

'१०.४८. वरील पाकीट न उघडता परत.'

'१०.४९. पाकीट बाहेर. आजचं सत्र.'

बाईंनी सही केली. मग खुर्ची ओढून बसल्या. एकदा वाटलं, आपण हे पान पाहिलंच नाही असं करावं. दोन महिन्यांनी निवृत्ती आहे, गुडघे दुखताहेत, माळी वाचेल बहुतेक. पण वरच्या वर्गात एक मुलगी मुठीत बिल्ला धरून बसली होती. बाईंनी नव्या इमारतीत फोन लावला आणि शिपायाकडून हॉलमधला पाकीट उघडल्याचा तक्ता मागवून घेतला.

*

चार वाजता प्राचार्यांच्या खोलीत पाच माणसं होती. प्राचार्य, बाई, मिनिटेसाहेब, सिस्टर आणि दारापाशी वॉचमन. पायलट बाहेर बाकावर होती. तिचे वडील यायला निघाले होते.

"आटपून टाकू," प्राचार्य म्हणाले. "मुलीनं कबूल केलं?"

"तिनं गाडी चालवली नाही," बाई म्हणाल्या.

"बाई, तिची गाडी, ती गाडीपाशी—"

"सर, मी आज चार किलोमीटर चालले आहे. मला एकदाच सांगू द्या."

प्राचार्यांनी हातानं खूण केली, बोला.

"ती गाडी गळते. वॉचमनला विचारा, शेडमध्ये डाग आहे. मुलगी कॉक बंद करत नाही, तिच्या बोटांत तेवढं बळ नाही. डबल स्टँडवर गाडी चढवायचं तर नावच नको. आणि नव्या इमारतीमागे गाडी डबल स्टँडवर होती, कॉक बंद होता, खाली थेंब नव्हता. माणसाला धडक देऊन पळणारा कशाला कॉक बंद करत बसेल?"

"कशाला?" प्राचार्यांनी विचारलं.

"तो बसला नाही. त्याच्या हातानं केला. आमच्याकडे तसलीच गाडी होती. आमचे हे घरी आले की किल्ली काढायच्या आधी त्यांचा हात टाकीखाली जायचा. पाच मिनिटांनी विचारलं, कॉक बंद केलात का, तर आठवायचं नाही. पुन्हा खाली जाऊन बघायचे. वर्षानुवर्षं ती गाडी चालवलेल्या माणसाचा हात आहे हा. शेडमध्ये आज साठ गाड्या होत्या. बटणावर सुरू होणाऱ्या, नव्या. त्या सोडून त्यानं ही किकवाली उचलली, कारण त्याला हीच येते. आज या आवारात गाडी चालवायची एवढी घाई कोणाला होती, एवढंच मला बघायचं होतं."

बाईंनी सिस्टरकडे पाहिलं.

"सिस्टर, फोन करणारा काय म्हणाला?"

"अकरा दोन झालेत, नोंद करून ठेवा."

"परीक्षा चालू असताना नव्या इमारतीत एकच फोन चालू ठेवतात, परीक्षेच्या ऑफिसातला. बाकी कुलूपबंद." बाईंनी पर्समधून तक्ता काढला आणि टेबलावर ठेवला. "हा हॉलमधला. पाकीट उघडलं दहा अठ्ठावन्न, दोन मुलांच्या सह्या. आणि स्ट्राँगरूमच्या रजिस्टरात तेच पाकीट बाहेर पडलं दहा एकोणपन्नासला. मधे नऊ मिनिटं. पाकीट फक्त अधीक्षकांनी न्यायचं, दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायचं नाही. सरांची मोटार बाहेर होती. चालत चौदा मिनिटं लागतात. मला तर बावीस लागतात."

त्या मिनिटेसाहेबांकडे वळल्या. आवाज चढवायची ताकद त्यांच्यात नव्हती आणि इच्छाही नव्हती.

"सकाळी तुम्ही उद्याचं पाकीट घेऊन गेलात. तिथं पोचल्यावर लक्षात आलं. कोणाला न सांगता परत आलात, बरोबर पाकीट घेतलंत. अकराला पेपर हातात पडला नसता तर चारशे मुलांची परीक्षा रद्द झाली असती. वॉचमन टेंपोशी भांडत होता. तुम्ही किल्ली काढलीत. मला म्हणालात साडेदहापासून तिथंच आहे. पण रजिस्टरमध्ये खोटी वेळ नाही घालता आली तुम्हाला."

मिनिटेसाहेबांनी चष्मा काढला. तो पुसायचं त्यांना सुचलं नाही, नुसता हातात धरून बसले.

"तो नळी ओढत मागे मागे आला," ते म्हणाले. "मी थांबलो होतो, बाई. त्याला भिंतीला टेकवून बसवला. तो बोलला माझ्याशी. म्हणाला, तुम्ही जा साहेब, मुलं खोळंबली असतील. मला वाटलं, खरचटलंय. पेपर वाटून झाल्या झाल्या फोन केला. परीक्षा सोडून मला हलता येत नव्हतं. मग कळलं, बेशुद्ध आहे. तोवर सगळे म्हणत होते, पायलटनं उडवला."

"आणि तुम्ही म्हणू दिलंत," प्राचार्य म्हणाले.

"दहा वेळा तोंडाशी आलं. चौतीस वर्षांत माझं एकही पाकीट चुकलं नव्हतं, सर. आधी ते सांगावं लागलं असतं."

प्राचार्यांनी फोन ओढला आणि पोलिसांना कळवावं लागेल असं कोणाकडेही न बघता म्हणाले. मिनिटेसाहेबांनी मान हलवली. वॉचमन दारातून बाजूला झाला, कशासाठी ते त्यालाही कळलं नसावं. बाईंना त्या माणसाची दया आली आणि तितकाच संताप आला. दोन्ही सोसायला त्या फार थकल्या होत्या. त्यांनी अहवालावर सही केली आणि बाहेर आल्या.

पायलट बाकावरून उठली.

"उद्या नऊला परीक्षा आहे ना? जा, अभ्यास कर. तुझं नाव त्यातून निघालं. वडिलांना सांग, काळजी करू नका. हॉस्पिटलातूनही फोन होता, काकांनी डोळे उघडलेत."

मुलीनं भिंतीला हात टेकला. ती रडेल असं बाईंना वाटलं, पण ती रडली नाही.

"साहेब होते ना?" ती म्हणाली.

बाई थबकल्या. "तुला कोणी सांगितलं?"

"मी पाहिलं होतं. खिडकीतून. पाकीट छातीशी धरलेलं आणि एका हातानं गाडी चालवत होते."

"अगं, मग दुपारी मी विचारलं तेव्हा का नाही बोललीस?"

पायलटनं त्यांच्याकडे सरळ पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, तो असता तर बाईंना बरं वाटलं असतं.

"बोलले असते, तर तुम्ही मानलं असतंत?"

बाईंनी उत्तराला तोंड उघडलं. साहेबांचं नाव या मुलीच्या तोंडून दुपारी ऐकलं असतं तर आपण काय केलं असतं, हे त्यांना नेमकं दिसलं. आपण रागावलो असतो. दोन ताकिदींचा दाखला दिला असता. ना गाडीखाली पुन्हा वाकलो असतो, ना ते पान वाचलं असतं.

"नाही," बाई म्हणाल्या. "नसतं मानलं."

मुलीनं मान डोलावली, जणू एखादं गणित पडताळून पाहावं तशी. मग तिनं पांढऱ्या कोटाची बटणं लावली, वह्या उचलल्या आणि लॅबकडे गेली. उद्याचं उपकरण लावून ठेवायचं होतं तिला. बाई बाकावर बसल्या आणि बराच वेळ उठल्या नाहीत.